उन्हाळ्यात माझी शेड बंद नसते

होळी आटोपली की लोक मला शहाणपण शिकवायला येतात. रस्त्यात थांबवून सांगतात, बाई, आता शेड बंद ठेव, आपल्याकडच्या उन्हात बॉयलर कोंबडी टिकत नाही. यातल्या निम्म्यांनी कोंबडी फक्त रश्श्यात पाहिलेली असते. मी हो हो म्हणते, चहा पाजते, आणि गाडी आली की पिल्लं उतरवून घेते.

मी काही वेडी नाही. मी मोहाडीजवळच्या धानवाल्या घरातली पोरगी आणि आंधळगावच्या विणकराच्या घरची सून. भंडाऱ्याचा मे महिना काय असतो ते मला कोणी नव्याने सांगायला नको. सकाळी नऊला अंगणात चप्पल नसेल तर माणूस नाचत नाचत नळापर्यंत जातो. पण ऊन आहे म्हणून घर बंद करून कोणी गाव सोडून जात नाही ना? मग माझ्याच शेडीला काय झालं?

शेड गावाच्या टोकाला आहे. जमीन सासऱ्यांची, छताच्या टिना मी माझ्या अंगावरचं सोनं मोडून आणलेल्या. नवरा चिखल्याला खाणीवर ट्रक चालवतो, तो घरी येतो पाहुण्यासारखा आणि जातो जावयासारखा. त्यामुळे शेड म्हणजे मीच. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, औषध देते. शेड आणि मेहनत आपली. पक्षी वजनाला आले की गाडी येऊन उचलून नेते.

त्या वर्षी एप्रिलमध्ये पिल्लं उतरली तेव्हाच कंपनीचा सुपरवायझर येऊन बसला. सडपातळ, शर्ट खोचलेला, बाहेरच्या जिल्ह्यातला मुलगा. तो वाईट नव्हता. शिकवायचा मनापासून. पण त्याच्यावरही कोणीतरी बसलेला होताच. तो म्हणाला, "ताई, मागच्या उन्हाळ्यात तुमचे पक्षी हलके भरले. या बॅचला उन्हाचा फटका बसला तर तुमची शेड पाऊस येईपर्यंत बंद. तिकडे नवी शेड झाली आहे, मोठ्या पंख्यांची. पिल्लं तिकडे जातील."

"आणि पावसाळ्यात परत इकडे येतील?" मी विचारलं.

तो चहाचा कप खाली ठेवून उठला. मला उत्तर मिळालं.

घरी सासरे होते, त्यांना आम्ही मामाजी म्हणतो. त्यांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "बंद पडली तं पडू दे. टिना काढून घेऊ, धान ठेवाले कामी येतीन." त्यांना शेड पहिल्या दिवसापासून नको होती. विणकराच्या घरच्या सुनेने कोंबड्यांची विष्ठा उपसावी हे त्यांच्या गळ्याखाली उतरत नव्हतं. तीन वर्षांत ते शेडीच्या दारात एकदाही आले नव्हते. नाकाला धोतराचा सोगा लावून बाजूने जायचे. मला राग यायचा. येऊ नये का? त्याच शेडीवर घरातला किराणा चालला होता, आणि नाक मात्र त्यांचं दुखायचं.

तर त्या उन्हाळ्यात मी मनाशी पक्कं केलं. ही बॅच जगवायची. वजनाला आणायची. ही शेड कोणाच्या बापाला बंद करू द्यायची नाही.

लोक म्हणतात, कोंबडीच ती, तिला काय होतं. अहो, तिलाच तर होतं! आपल्याला घाम येतो, अंग निवतं. कोंबडीला घाम नाही. तिच्याकडे आहे फक्त चोच. ऊन वाढलं की ती चोच उघडते, गळा धडधडवते आणि त्या धापेवर अंगातली आग बाहेर टाकते. पंख अंगापासून लांब धरते, काखेत वारा घेतल्यासारखे. मग खाणं सोडते. पाणी पीतच राहते, विष्ठा पातळ होते, खाली अंथरलेला धानाचा तूस ओला होतो, त्यातून डोळ्यांत झोंबणारा वास सुटतो. धापा टाकून टाकून अंगातले क्षार जातात, पाय लटपटतात. ज्या दिवसांत तिने भराभर मोठं व्हायचं त्याच दिवसांत ती सगळी ताकद नुसतं जिवंत राहण्यात घालवते. मग वजन कुठून येणार? आणि त्यातून वाचली तरी आठ दिवसांनी एखादा साधा आजार येऊन तिला घेऊन जातो. लहान पिल्लू एकवेळ उन्हात टिकतं. पण शेवटच्या आठवड्यातली, छाती भरलेली, जड कोंबडी पहिली पडते. म्हणजे सगळं खाऊ घालून, रात्रंदिवस जपून झाल्यावर ती पडते. त्याचं जे लागतं ना, ते ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

माझ्या परीने मी सगळं केलं. टिनांवर चुना मारला, त्यावर धानाची तणस अंथरली आणि वर पाण्याचे फवारे बसवले. पाण्याच्या टाकीला ओले बारदाने गुंडाळले, कारण तापलेलं पाणी कोंबडी तोंडात धरते आणि सोडून देते. खाद्य मी पहाटे आणि ऊन कलल्यावर द्यायची. दुपारी खाद्याची भांडी दोरीने वर ओढून ठेवायची. भरल्या पोटात जिरवायची आगही असते, ती बाहेरच्या आगीत कशाला घाला? दुपारी शेडीत कोणाला जाऊ द्यायची नाही. माझी जाऊ हसायची, "अवो, आपल्या लेकराईच्या दुपारच्या झोपेले एवढी जपली होती का तू?" मी म्हणायची, "लेकरं बोंबलत होती. ह्या बिचाऱ्या तोंड उघडून बसतात, पण बोंबलत नाहीत."

आणि सगळ्यात मोठी गोष्ट वाऱ्याची. सुपरवायझरने हे एक मला डोक्यात बसवून दिलं होतं आणि त्यासाठी मी त्याचं नाव काढते. पाणी छतावर, पाणी बाहेर, पण आत वारा पाहिजे. बाजूच्या जाळीवरचे पडदे वर गुंडाळलेले. गरम का असेना, वारा फिरला पाहिजे. हवा ओली झाली आणि कोंडली तर कोंबडीची धाप फुकट जाते, कारण दमट हवा तिच्या अंगातली आग घेतच नाही.

आता हेच नेमकं आमच्या घरच्या रीतीच्या उलट. मामाजींचा माग घराच्या मागच्या खोलीत आहे. जमिनीत खड्डा, खड्ड्यात पाय, समोर उभ्या धाग्यांचा ताणा. कोरड्या उन्हात धागा ठिसूळ होतो, वारा लागला की तटकन तुटतो. म्हणून उन्हाळ्यात ती खोली बंद. खिडकीला ओला बारदाना, दाराला ओलं फडकं, जमिनीवर पाण्याचे हबके. आत शिरलं की भाताच्या गंजावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते. मामाजी तिथे उघड्या अंगाने बसून धोटा फेकतात, त्यांच्या वडिलांनी फेकला तसाच. नवी सून असताना मी एकदा कीव येऊन ती खिडकी उघडली होती. लगेच दोन धागे तुटले. ते असे ओरडले की माझ्या हातातला पाण्याचा तांब्या पडला. "हवा धाग्याची दुश्मन आहे, पोरी! ध्यानात ठेव!" मी ध्यानात ठेवलं. त्यांचा खोकला मात्र मला दर उन्हाळ्यात ऐकू यायचा, जेवताना, बोलताना. घरात कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. विणकर म्हटला की खोकणारच, असं धरून चाललेलं.

मे संपत आला, नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला. पक्षी शेवटच्या आठवड्यात होते. चांगले भरले होते, मी हातात उचलून बघायची आणि मनातल्या मनात सुपरवायझरला म्हणायची, आता बोल! आणि एका सकाळी पाण्याची मोटर बंद पडली. घूंऽ करायची आणि थांबायची. कंडेन्सर गेलं होतं. टाकीत दुपारपर्यंतचं पाणी होतं. पण छतावरचे फवारे बंद म्हणजे दोन घटकांत तणस कोरडी.

मी स्कूटी काढली. मामाजी ओसरीवर होते. म्हटलं, "मामाजी, मी मोहाडीले जाऊन येते. शेडीकडे जरा पाहत राहा, काही वाटलं तं फोन करा." ते हूं म्हणाले. फोन ते उचलायला शिकलेत, लावायला नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी अर्ध्या रस्त्यात होते.

मोहाडीत बाजाराचा दिवस. दुकानदार जेवायला गेलेला. शेजारचा म्हणतो, येईल, बसा. बसा कशाला, माझा जीव इथे खालीवर होतोय! मी त्याच्या घरी गेले, त्याला ताटावरून उठवला. तो चिडला, मीही चिडले, पण कंडेन्सर घेऊनच निघाले. लू असली सुटली होती की स्कार्फमधून गाल भाजत होते.

गावाच्या टोकाशी आले आणि शेड दिसली. पडदे खाली होते. चारही बाजूंनी, जमिनीपर्यंत. आणि पडद्यांवरून पाणी ठिबकत होतं.

स्कूटी मी पाडली की लावली, आठवत नाही. दार उघडलं आणि ती वाफ तोंडावर आली. मागाच्या खोलीची वाफ, तंतोतंत, वर विष्ठेचा झोंबरा वास. छताला टांगलेले माझे छोटे पंखे तीच ओली हवा घुसळत होते. कोंबड्या मान लांब करून, चोची आ वासून पडलेल्या. कित्येक हलत नव्हत्या. आणि मधोमध मामाजी. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या शेडीत. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं, हातात बादली, ओंजळीने कोंबड्यांवर पाणी शिंपडत होते. त्यांचंही तोंड उघडं होतं.

मी सासऱ्यांशी कधी वर मान करून बोलले नव्हते. त्या दिवशी किंचाळले. "काय करून राहिले मामाजी तुम्ही? मारून टाकल्या माह्या कोंबड्या! पडदे कायले पाडले?"

ते बादली घेऊनच माझ्याकडे वळले. "झळ येऊन राहिली होती वो... तडफडून राहिल्या होत्या. म्हून बंद केलं. ओलं केलं सारं."

"वर करा! वर करा अगोदर!"

मी एका बाजूची दोरी ओढली. त्यांनी बादली टाकली आणि दुसरीकडची ओढायला लागले. गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. पडदे वर गेले, लू आत शिरली, गरम, कोरडी, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा लू बरी वाटली. मी कोंबड्यांच्या मधून हळूहळू चालत गेले. बसलेल्या पक्ष्याच्या पोटाखाली ऊब कोंडून राहते, त्याला जरा उठवलं की ती निघून जाते. ज्या उठल्या त्या उठल्या. ज्या नाही उठल्या त्या मी मोजल्या नाहीत, नुसत्या दाराशी आणून ठेवल्या. ढीग झाला.

मागे वळून पाहते तर मामाजी खांबाला धरून उभे. चेहरा राखेसारखा. त्यांना धरून बाहेर कडुनिंबाखाली आणलं, डोक्यावर ओला पंचा टाकला, गूळ-मीठ घातलेलं पाणी पाजलं, तेच जे कोंबड्यांसाठी केलं होतं. ते धापा टाकत होते. गावाच्या हातपंपावरून त्या उन्हात बादल्या भरभरून आणल्या होत्या त्यांनी. किती आणल्या, देव जाणे. मला त्यांची दया येत होती आणि त्यांना गदागदा हलवावंसंही वाटत होतं. दोन्ही एकाच वेळी. खोटं कशाला बोलू?

श्वास खाली बसल्यावर ते म्हणाले, "धाग्याले जपतो तसंच जपलं मी त्याईले. मले दुसरं काही येत नाही, पोरी."

मी उठले. कंडेन्सर बसवलं, मोटर सुरू केली, फवारे चालू झाले. मग कडेला जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझर आला. ढीग मी पुरला होता, पण लपवला नव्हता, आल्या आल्या सांगितलं. तो शेडीभर फिरला, पडदे पाहिले, तूस मुठीत दाबून पाहिला. तूस ओला होता. "ताई, पडदे पाडले होते का? आतून पाणी मारलं? हे तर तुम्हाला मी किती वेळा सांगितलं. कोणी केलं?"

"शेड माझी आहे," मी म्हटलं. "कोणी केलं ते आमच्या घरचं. तुम्ही मला बोला."

"मग तुम्हालाच सांगतो. पाऊस येईपर्यंत शेड बंद."

आणि तेवढ्यात मागून आवाज आला, "मी पाडले."

मामाजी दारात होते. सोगा नाकाला नव्हता. ते आत आले, तुसातून चालत, माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. म्हणाले, "साहेब, पडदे मी पाडले. माह्या अकलेनं. ही असती तं हिनं मले दारातूनच हाकललं असतं. चूक माही, अन् शेड हिची बंद करता? हा कोणता न्याय?"

सुपरवायझर चाचरला. म्हणाला, बाबा, वरून सांगतात.

आता माझी पाळी होती. मी म्हटलं, "वरच्यांना माझ्या शेडीत आणून उभं करा भर दुपारी. मग बोलू. जे उरले आहेत त्यांचं वजन उचलताना बघा. ते भरलं तर पुढची पिल्लं मला द्यायची. आणि एक ऐका. उन्हाळ्यात कमी द्या. दाटीत कोंबडी कोंबडीच्या उबेनं मरते. निम्मी द्या, मधे वारा फिरू द्या. पण द्या. बंद मी करणार नाही. तुम्ही नाही दिली तर मी दुसऱ्या कंपनीच्या दारात जाऊन बसेन, आणि तिथे नाही मिळाली तर गावरान पोसेन. शेड रिकामी दिसणार नाही तुम्हाला."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "उचलताना बघू." हो म्हणाला नाही, पण नाहीही म्हणाला नाही. माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

पुढचे दिवस कसे गेले ते मलाच ठाऊक. ओला तूस खरवडून काढला, गिरणीतून नवा आणून टाकला. उन्हाने मार खाल्लेला पक्षी लगेच खात नाही, रुसल्यासारखा बसतो. पहाटे अंधारातच खाद्याची भांडी खाली सोडायची, हाताने हलवून आवाज करायचा, मग एकेक उठायची. मामाजी रोज यायचे. सांगितलं तेवढंच करायचे, आणि प्रत्येक वेळी विचारायचे, "पडदा वर आहे ना?" जणू मी तो पाडणार होते. एक दिवस मी वैतागून म्हटलं, "मामाजी, पडदे तुमीच पाडले होते, मी नाही!" ते हसले. मला वाटतं माझ्या लग्नानंतर ते माझ्यासमोर पहिल्यांदाच हसले.

गाडी आली. वजन झालं. मोठ्या पंख्यांच्या शेडीएवढं नाही भरलं, पण मागच्या उन्हाळ्यापेक्षा बरं भरलं, आणि उरलेल्यांत एकही आजारी नव्हती. सुपरवायझरने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ताई, निम्मी पिल्लं देतो." मी म्हटलं, "निम्मीच मागितली होती." जून लागला तरी पाऊस नव्हता, त्या उन्हातच पिल्लं उतरली. रस्त्याने जाणारे थांबून बघत होते. बघू देत.

त्या दिवशी मी घरी आले ती सरळ मागच्या खोलीत गेले. दुपार होती. मामाजी मागावर बसले होते, खिडकीला ओला बारदाना, आत ती वाफ. धोटा इकडून तिकडे जात होता आणि मधे मधे ते थांबून तोंड उघडून श्वास घेत होते. मी ते तोंड पाहिलं. मला शेड आठवली. आजवर त्या खोलीत मी हजारदा गेले असेन, पाणी द्यायला, जेवायला बोलवायला, आणि कधी असं पाहिलं नव्हतं.

मी पुढे झाले आणि खिडकीचा बारदाना ओढून काढला.

"ए, ए! काय करून राहिली? धागा तुटन!"

"तुटू द्या."

"अवो, हवा—"

"हवाच पाहिजे, मामाजी. कोंबडीले पाहिजे तं तुमाले काहून नको? तुटला तं बांधा. पण मी आता हे परत लावू देणार नाही."

ते माझ्याकडे रागाने बघत होते. मीही बघत होते. खिडकीतून लू आली, ताण्यावरून फिरली. धागा तुटला. तटकन आवाज झाला. मग दुसरा.

मामाजींनी मला एक सणसणीत शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. मग वाकले, दोन्ही टोकं शोधली, थुंकी लावून गाठ मारली आणि धोटा फेकला. मी बारदाना हातात घेऊन दारातच उभी होते. त्यांनी तो परत मागितला नाही.